तीन गाजलेल्या कादंबऱ्या अर्धवट राहिल्या, तर दोष कुणाचा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा, की कॉलेजात असताना तुम्ही ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, सुहास शिरवळकर असं झपाटल्यासारखं वाचायचात, मग नोकरी, पुणे, लग्न, आणि दहा वर्षं हातात कादंबरीच नाही. यंदा परत सुरू करायचं म्हणून कुठल्यातरी यादीवरून तीन घेतल्या, ‘फेसाटी’, ‘रिंगाण’ आणि ‘हिंदू’, आणि तिन्ही चाळीस-पन्नास पानांवर अडकल्या. आता विचारताय की मोबाइलनं माझं डोकं बिघडलंय की ही पुस्तकंच उगाच डोक्यावर घेतलीत, आणि कुणीतरी अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्यांबद्दल खरं मत सांगा, सगळ्या प्रकारच्या चालतील, फक्त ‘अप्रतिम’, ‘नक्की वाचा’ असलं नको. जाता जाता आजोळ लातूरकडचं आहे असंही लिहिलंय, त्या एका वाक्यामुळे मला हे उत्तर लिहावंसं वाटलं.

मी सांगलीत एका वाचनालयाच्या देवघेवीच्या काउंटरवर चोवीस वर्षं बसतेय. समीक्षक नाही, पण माझ्यासमोरून पुस्तकं जातात आणि परत येतात, आणि परत येताना ती बरंच काही सांगतात. वाचनालयाचं पुस्तक पाच-सहा वर्षं फिरलं की ते बंद करून आडवं धरा आणि पानांची कड बघा. लोकांनी जिथपर्यंत वाचलंय तिथपर्यंत कड काळपट झालेली असते, बोटांचा घाम, तेल लागतंच ना, आणि जिथं सोडलंय तिथून पुढं ती पांढरी राहते. आमच्याकडच्या ‘हिंदू’ची बोटभर कड मळकी आहे आणि पुढची जवळपास कोरी. ‘बनगरवाडी’ची कड पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एकसारखी. ‘शाळा’ची तर तीनदा बाइंडिंग करून झालीय. यावरून ‘हिंदू’ वाईट ठरत नाही, पण तुम्ही जिथं थांबलात तिथं एकटे थांबला नाहीत हे नक्की, त्यामुळे मोबाइलला दोष देणं आधी सोडा.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न लक्ष लागत नाही हा नाहीच. तुम्ही ज्या तीन घेतल्यात त्यातल्या दोन बोलीत आहेत, आणि त्या बोली तुमच्या घरातल्या नाहीत. ‘फेसाटी’ जत भागातली, म्हणजे आमच्या सांगली जिल्ह्याच्या पार पूर्वेच्या टोकाची, ‘रिंगाण’ कोल्हापूरकडची. तिसरी ‘हिंदू’, तिचा आवाका एवढा मोठा की दहा वर्षांच्या खंडानंतर ती पहिली हातात घेणं म्हणजे व्यायाम सोडलेल्या माणसानं पहिल्याच दिवशी गड चढायला जाणं. पुस्तकं चुकीची नाहीत, क्रम चुकला. आता यात बरंच काही तुमच्यावर अवलंबून आहे, कधी वाचता, सलग तास मिळतो की झोपायच्या आधीची वीस मिनिटं, लहानपणी घरात कुठली बोली कानावर पडली, मन सध्या जड आहे की हलकं. त्यामुळे खाली जे सांगतेय ते माझं मत, आणि जिथं माझं मत सभासदांपेक्षा वेगळं आहे तिथं तसं सांगेन.

आधी ‘फेसाटी’च घेते. नवनाथ गोरेंची ही कादंबरी, २०१८चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळालाय. दुष्काळी भागातला मुलगा, घरात सततची ओढाताण, शिकायचं पण कसं, एवढंच कथानक म्हणा ना. मी पहिल्यांदा घेतली तेव्हा मीही तिसाव्या पानाशी अडखळले, आणि मी तर याच जिल्ह्यातली. मग दुपारी दोन ते चारच्या मध्ये काउंटरवर कुणी नसतं तेव्हा मोठ्यानं वाचायला लागले. छापलेलं ‘व्हतं’, ‘न्हाई’, ‘कुटं’ दिसलं की डोळा थबकतो, त्याला शब्दाचं चित्र ओळखायची सवय असते, पण तेच कानावर पडलं की बाजारात भाजी घेताना ऐकलेलं निघतं. दहा पानांनंतर मोठ्यानं वाचायची गरजच राहिली नाही, आवाज आपोआप डोक्यात सुरू झाला. हे मी नंतर कितीतरी सभासदांना सांगितलं आणि बहुतेकांना उपयोग झाला. आता खरं मत, पुस्तकाचा कणा म्हणजे त्यातली खरी भूक. लेखक कुठंही दयेची याचना करत नाही. खटकलं ते हे, की एकामागून एक संकटं त्याच वजनानं येत राहतात, मध्ये श्वास घ्यायला जागा कमी, आणि काही प्रसंग थोडे आवरले असते तर जास्त लागले असते. तरी शेवटपर्यंत वाचली आणि वाचली ते बरंच झालं.

‘रिंगाण’बद्दल जरा जास्त लिहिणार आहे, कारण गेल्या वर्षभरात वाचलेल्यात मनात सगळ्यात जास्त काळ तीच राहिली. कृष्णात खोतांची, २०२३चा साहित्य अकादमी. धरणासाठी गाव उठलं, माणसं नव्या जागी आली, आणि मागं राहिलेली म्हैस आणायला एक माणूस परत त्या जुन्या रानात जातो. मधल्या काळात म्हैस रानाची झालीय, ती आता कुणाच्या मालकीची राहिलेली नाही. सांगायला इतकंच, पण त्या माणसाची आणि जनावराची जी समोरासमोर झुंज आहे ती वाचताना मला काउंटरवर कोण आलं गेलं कळलं नाही. विस्थापन या विषयावर आपल्याकडे आधी लिहिलेलं आहेच, विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ १९९१ची, तिच्यात सरकारी ऑफिस, पुढारी, मोबदला, सगळी यंत्रणा येते, तिचा पसारा मोठा आणि राग उघड. ‘रिंगाण’मध्ये तोच घाव एका म्हशीच्या आणि एका माणसाच्या अंगावर दिसतो. माझ्याकडे चांदोली धरणामुळे उठलेल्या एका वसाहतीतले एक काका येतात, फारसे कादंबऱ्या वाचणारे नाहीत. त्यांना मी ही दिली. तीनदा तारीख वाढवून घेतली, परत करताना कसं वाटलं विचारलं तर म्हणाले, "आमची म्हस नव्हती ताई, गाय व्हती." पुढं काही बोलले नाहीत, दुसरं पुस्तकही त्या दिवशी नेलं नाही.

दोष सांगायचा तर ‘रिंगाण’चा मधला भाग फिरून फिरून त्याच ठिकाणी येतो. नावच रिंगाण आहे आणि ते फिरणं लेखकानं मुद्दाम ठेवलंय असं मला वाटतं, पण वीस मिनिटांच्या तुकड्यांत वाचणाऱ्याचा तिथं हात सुटतो. म्हणून ती रविवारी सलग बसून वाचायची, झोपायच्या आधी नाही. तुम्ही पन्नासाव्या पानावर सोडलीत म्हणजे अजून खरी भेट झालेलीच नाही.

‘हिंदू’ सध्या बाजूला ठेवा. २०१०मध्ये आली तेव्हा आमच्याकडे तिच्यासाठी नंबर लावले होते. खंडेराव, खानदेश, मोहेंजोदडोच्या उत्खननापासून बापाच्या मरणापर्यंत, त्यात शेती, जाती, बायकांची आयुष्यं, लोकगीतं सगळं येतं. मला स्वतःला त्यातल्या बायकांच्या गोष्टी फार मोठ्या वाटतात, मधलं वादविवादाचं बरंचसं मी भराभर उलटलं, आणि तसं उलटण्यात काही पाप नाही. पण माझ्याकडून एकदा चूक झाली. एका निवृत्त शिक्षकांनी ‘स्वामी’सारखं काहीतरी भारदस्त द्या म्हटलं आणि मी ‘हिंदू’ दिली. चौथ्या दिवशी परत आणून ठेवली आणि नंतर दोन महिने ते आलेच नाहीत. भारदस्त या शब्दाचा त्यांचा अर्थ वेगळा होता आणि तो मी विचारायला हवा होता. तेव्हापासून मी कुणालाही आधी विचारते, शेवटचं कुठलं पुस्तक पूर्ण वाचलं आणि त्यातलं काय आठवतं. आवडलं का हे विचारून काही कळत नाही, काय आठवतं यावरून कळतं.

आता तुमच्या जुन्या आवडीकडे येते. ‘मृत्युंजय’ मी या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा वाचली. १९६७ची कादंबरी. पहिल्यांदा सोळाव्या वर्षी वाचली तेव्हा रडले होते. या वेळी उपमांचा भार जाणवला, सूर्य उगवला एवढं सांगायलाही कधी कधी अर्धं पान, आणि सगळी पात्रं जवळपास एकाच थाटात बोलतात. पण कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण अशा एकेकाच्या तोंडून तीच गोष्ट पुढं नेण्याची जी मांडणी आहे ती अजून भक्कम आहे, आणि अठरा-वीस वर्षांची पोरं आजही ती नेतात आणि कड शेवटपर्यंत मळवून आणतात. तुम्ही परत वाचायला घ्याल तर कॉलेजातला अनुभव परत मिळेल या आशेनं घेऊ नका, थोडा हिरमोड होईल. त्यापेक्षा ऐतिहासिकच हवं असेल तर नंदा खरेंची ‘अंताजीची बखर’ बघा, १९९७ची. भोसल्यांच्या बंगालच्या स्वाऱ्या, पण राजाच्या नजरेतून नाहीत, अंताजी नावाच्या एका चलाख, थोड्या लबाड माणसाच्या तोंडून. आपण शाळेत ज्याला पराक्रम म्हणून शिकलो त्याला तिकडची माणसं काय म्हणत असतील हे त्यात कळतं. भाषा बखरीच्या वळणाची आहे त्यामुळे सुरुवात सावकाश होते, पण ‘स्वामी’ वाचलेल्याला ती जड जात नाही. माझ्या सभासदांत यावर दोन तट आहेत, काहींना महाराजांच्या काळानंतरच्या मराठ्यांबद्दल असं लिहिलेलं सहन होत नाही, ते मला तोंडावर सांगतात, मी ऐकून घेते, पण माझं मत बदललेलं नाही.

त्याच खरेंची ‘उद्या’ही या वर्षी वाचली. जवळचा भविष्यकाळ, माणसांवर पाळत, कंपन्या, गाव आणि शहर दोन्हीकडची फरफट. तिला २०२०चा साहित्य अकादमी जाहीर झाला होता आणि त्यांनी तो नाकारला. बुद्धीला खाद्य भरपूर, पण धागे इतके की पात्रांची नावं मी तारखेच्या चिठ्ठीमागं लिहून ठेवली होती. रोज पेपर नीट वाचणाऱ्याला ही आवडते, गोष्टीत बुडायला आलेल्याला नाही.

विज्ञानकथेत नारळीकरांचं ‘वामन परत न आला’. मे २०२५मध्ये नारळीकर सर गेले तेव्हा आठवडाभर आमच्याकडची त्यांची सगळी पुस्तकं बाहेर होती, एकही कपाटात नाही. मी तेव्हाच परत वाचलं. खोदकामात एक अतिप्राचीन पेटी सापडते, त्यातल्या माहितीवरून माणसापेक्षा हुशार यंत्रमानव तयार होतो, मग काय. १९८६चं पुस्तक आणि आज सगळे ए.आय.बद्दल जे बोलतायत ते त्यात चाळीस वर्षांपूर्वी आलंय. माणसं पातळ आहेत हे मान्य करते, कोण कोणाशी कसं बोलतं यात फरक फारसा नाही, पण या प्रकारात मी आधी कल्पना बघते आणि ती पक्की आहे. दोन बैठकीत संपतं, तुमच्यासारख्या खंड पडलेल्या वाचकाला शेवटचं पान गाठण्याची सवय परत लावायला फार चांगलं.

भयकथेत नारायण धारपांची ‘लुचाई’. ही स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे हे ठाऊक असूनही मला रात्री साडेअकराला दिवा चालू ठेवावा लागला. धारपांचं कसब असं की भीती येण्याआधी ते घर उभं करतात, जिना, अंधारी खोली, बंद खिडकी, आणि मग घाई न करता एक एक गोष्ट जागेवरून हलवतात. शेवटाकडे उरकल्यासारखं वाटलं. पण प्रत्येक पुस्तकाकडून त्यानं कबूल केलेलंच मागावं, भयकथेनं भीती द्यायची कबुली दिलेली असते, ती दिली की मी तिच्यावर खूश. याच हिशेबानं बाकीची मतंही बघा.

या वर्षी दोन अनुवादित थ्रिलर मात्र मी पन्नास पानांत परत ठेवले, नावं घेत नाही. माणसं ‘खांदे उडवतात’, ‘एक खोल श्वास घेतात’, खून झालेल्या घरातला पोलीस असं मराठी बोलतो की असा पोलीस कुठं बघितलाच नाही. मूळ गोष्ट चांगली असणार पण भाषेनं मारली. अनुवाद कसा असावा हे बघायचं तर राम पटवर्धनांचं ‘पाडस’ घ्या, अमेरिकेतल्या जंगलातला मुलगा आणि हरणाचं पिल्लू, आणि वाचताना कुठंही परकं वाटत नाही. मुलं असतील घरात तर मोठ्यानं वाचा, शेवट जड आहे एवढं आधीच सांगून ठेवते.

शहरी, छोटं, आजच्या मनाला जवळचं असं हवं असेल तर सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’, २००६ची. एका घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या मुलावर भाऊ आणि बहीण दोघांचंही प्रेम बसतं, तो निघून जातो, आधी भाऊ सांगतो मग बहीण. लोक भावाच्या भागाबद्दल जास्त बोलतात, मला बहिणीचा भाग जास्त धीट वाटला, कारण तिला घरच्यांच्या समोर राहून सावरायचंय. आणि ‘शाळा’, बोकिलांची, नववीतला मुकुंद आणि आणीबाणीचा काळ. तिच्याबद्दल वेगळं सांगायला नको, तुम्ही वाचली नसेल तर आश्चर्य वाटेल. सिनेमा बघितलाय म्हणून सोडू नका एवढंच.

जुन्यातलं एक, ‘रणांगण’, विश्राम बेडेकरांची, १९३९. बोटीवरचा प्रवास, हिटलरच्या जर्मनीतून निघालेले ज्यू, आणि चक्रधर आणि हॅर्टाची थोड्या दिवसांची ओढ. बारकी आहे. सुरुवातीला नायकाचा कोरडेपणा अंगावर येतो आणि तिथंच बरेच लोक सोडतात, मीही कॉलेजात सोडली होती. पन्नाशीत वाचली तेव्हा कळलं की तो कोरडेपणा आहे म्हणून पुढचं लागतं.

इथवर बरंच पसरलं, म्हणून तुमच्यापुरतं एकदा जुळवून सांगते. आधी ‘वामन परत न आला’ किंवा ‘लुचाई’, जे हाताला लागेल ते, आठवड्यात संपवा. मग ‘कोबाल्ट ब्लू’ नाहीतर ‘शाळा’. मग बोली. आणि बोलीत शिरताना जत किंवा कोल्हापूरकडून न शिरता स्वतःच्या आजोळकडून शिरा.

म्हणजे ‘पाचोळा’. रा. रं. बोराडेंची, १९७१ची, बोराडे सर मूळचे लातूर जिल्ह्यातले, फेब्रुवारी २०२५मध्ये गेले. मराठवाड्यातल्या गावातला एक शिंपी, मानी माणूस, आणि त्याच्या मानीपणापायी घर कसं उडून जातं हे त्याची बायको सांगते. सगळं पुस्तक तिच्या तोंडून, तिच्याच बोलीत. ती कुठं तक्रारीचा सूर लावत नाही, चुलीपुढं बसून शेजारणीला सांगावं तसं सांगत जाते, आणि नवरा चुकतोय हे तिला दिसतंय, पण त्याचा मान मोडलेलाही तिला बघवत नाही. ही जी दोन्हीकडून ओढ आहे ना, ती धरून ठेवायला भल्याभल्यांना जमलेलं नाही. एक उणीव काढायची म्हणून काढत नाही, मला तिच्यात खरंच काही जास्त किंवा कमी वाटलं नाही. आमची प्रत बारीक, वाकलेली, कड शेवटपर्यंत काळी.

तुमची आजी किंवा मावशी, मामी, कुणीही तिकडं असेल तर पहिली पाच पानं त्यांना फोनवर वाचून दाखवा. तुमचे उच्चार चुकतील तिथं त्या थांबवतील आणि बरोबर कसं म्हणायचं ते सांगतील. तेवढं झालं की पुढची पानं तुम्हाला त्यांच्याच आवाजात ऐकू येतील. त्यानंतर ‘फेसाटी’ परत काढा, आणि तोवर ती कुणाला देऊन टाकू नका.